जिनिव्हाला अहवाल पाठवताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या संघटनांचा हात निवेदनावर बसलेला असतो. जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा, मागण्यांची यादी, पोच घेऊन परत. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश एकमेकांच्या मानवी हक्कांच्या कामगिरीचा आढावा घेतात आणि शिफारशी करतात. त्या आढाव्यासाठी, म्हणजे यूपीआरसाठी, अहवाल लिहितानाही तीच सवय नडते.

सगळ्यात जास्त घोळ शिफारशीत होतो. आढाव्याच्या बैठकीत सदस्य देश बोलतात, संघटनांना तिथं बोलता येत नाही. म्हणजे तुमचं वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या प्रतिनिधीनं उचलायला हवं. ‘विधवांना सन्मान द्या’ हे कोण उचलणार? कुणी, काय, कधीपर्यंत करायचं ते लिहा. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, मग राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. तेव्हा ‘सरकारनं दोन वर्षांत विधवा प्रथेविरुद्ध कायदा करावा’ ही शिफारस झाली. तिला सीडॉ कराराच्या, म्हणजे महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम ५ चा आधार द्या; ते भेदभावाच्या रूढी बदलण्याबद्दल आहे. इथं एक खाच आहे: कुठल्याही समाजाच्या वैयक्तिक बाबतीत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही, अशी घोषणा भारतानं या कलमावर करून ठेवली आहे. हेरवाडचा ठराव गावानं स्वतःच केला, म्हणून तो तिथंच पुढं करायचा.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल लिहिताना छळविरोधी कराराचा भंग झाला असं म्हणू नका. भारतानं त्यावर १९९७ मध्ये सही केली, पण तो मंजूर केलेला नाही. भारताला १९७९ पासून लागू असलेल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं कलम ७ दाखवा, तेही छळाला मनाई करतं.

शब्दमर्यादा एकट्या संघटनेला २,८१५, संयुक्त अहवालाला ५,६३०. तळटीपा त्यात धरत नाहीत. अहवाल इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये द्या, आणि मराठी मजकूर इंग्रजीत गेला की शब्द फुगतात. मराठी मसुदा आखूडच ठेवा. फोटो, नकाशे, संस्थेचा वार्षिक अहवाल जोडू नका. फाइल वर्डमध्ये, ऑनलाइन नोंदणीतूनच. मुदत आढाव्याच्या काही महिने आधी संपते, तीही जिनिव्हाच्या घड्याळानुसार.

पुरावा म्हणून नुसती कात्रणं लावली तर अहवाल पोकळ वाटतो. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांबद्दल लिहायचं असेल तर कामगार कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज आधी टाका. उत्तराला ३० दिवस, अपील करावं लागलं तर आणखी. उत्तराचा जावक क्रमांक आणि तारीख तळटीपेत द्या.

पीडितांची नावं लिहू नका. हे अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात. छोट्या गावात ‘सरपंचांच्या शेजारची महिला’ एवढंही ओळखायला पुरतं.

आणि सुरुवात इतिहासापासून नको. २०२२ च्या आढाव्यात भारताला ३३९ शिफारशी मिळाल्या, त्यातल्या २२१ सरकारनं स्वीकारल्या. तुमच्या विषयाची त्यातली कुठली, आणि तिचं जिल्ह्यात काय झालं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.