लॅब असून बॉल आणत नाही? ब्रीडसारखं न वागणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं

आमच्या बंड्याला पहिल्यांदा बॉल टाकला तेव्हा त्याने बॉल कुठवर गेला ते नीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि बूड टेकून बसला. तूच टाकलास ना, तूच आण. लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर, म्हणजे नावातच आणून देणं, आणि हा असा. "लॅब असून?" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, त्यामुळे ज्यांच्याकडे पाण्याला घाबरणारा गोल्डन रिट्रीव्हर नाहीतर दिसेल त्याच्या गळ्यात पडणारा जर्मन शेफर्ड आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी हे बघा की कुत्रं पहिल्यापासूनच असं आहे का आत्ता अचानक झालंय. लोक घोळ इथेच घालतात. बॉर्डर कॉली म्हणजे मेंढ्या हाकणारं, दमता दमत नाही असं कुत्रं, तो जन्माचा आळशी मिळाला तर तुमचं नशीबच म्हणायचं, पण परवापर्यंत उड्या मारणारा कॉली पंधरा दिवसांत थंड पडला तर तो स्वभाव नाही, सरळ व्हेटकडे न्या आणि दात, कान, खुब्याचे सांधे, थायरॉइड सगळं बघून घ्या. दाढ ठणकत असेल तर बॉल कोण तोंडात धरेल? आणि डाल्मेशियन "ऐकतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी त्याला ऐकू येतं का ते बघा, गंमत नाही करत, त्या ब्रीडमध्ये जन्मतः बहिरेपणा बराच असतो. एकाच कानाने बहिरं असलेलं कुत्रं तर वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, हाक मारली की ते भलतीकडेच बघतं आणि आपण म्हणतो हट्टी आहे. खात्री करायची तर बेअर टेस्ट, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते मोजणारी तपासणी, करावी लागते, घरी टाळ्या वाजवून एका कानाचं काही कळत नाही.

तब्येत ठीक निघाली की मग ब्रीडकडे वळू. २०२२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, १८,००० च्या वर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि २,००० च्या वर कुत्र्यांचा डीएनए बघितला, तर एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडवरून सांगता आला. माणसाचं ऐकायची वृत्ती त्यातल्या त्यात ब्रीडवर जास्त जाते, पण कुत्रं किती पटकन चिडतं याचा ब्रीडशी जवळपास संबंधच नव्हता. आता याचा अर्थ ब्रीड म्हणजे थोतांड असा नाही हां. बीगलचं नाक जमिनीला चिकटतं ते चिकटतंच. पण शोसाठीच्या कुत्र्यांमध्ये पिढ्यानपिढ्या डोकं, केस, रंग बघून जोड्या लावल्यात, काम कोणी बघितलंय?

मला हे कळायला वेळ लागला पण एकदा कळल्यावर सगळं सोपं झालं. कुत्र्याचं शिकार करणं ही एक साखळी असते: बघणं, दबा धरणं, मागे पळणं, तोंडात धरणं, मारणं, फाडणं. माणसाने प्रत्येक ब्रीडमध्ये यातल्या एकदोन कड्या वाढवल्या आणि बाकीच्या दाबल्या. कॉली टक लावून दबा धरतो पण चावायचं नाही, रिट्रीव्हर तोंडात धरतो पण फाडायचं नाही. तुमच्या कुत्र्यात नेमकी ती कडी कच्ची असू शकते, किंवा दुसरीच पक्की असते. तेव्हा आठवडाभर काही शिकवू नका, नुसतं बघा. मोकळं सोडल्यावर ते आपणहून काय करतं, हुंगतं, उकरतं, पळतं, का काहीतरी तोंडात घेऊन मिरवतं? जे करतं ते लिहून ठेवा, शिकवायची सुरुवात तिथूनच करायची.

बंड्याचं बघितलं तर पळणाऱ्या वस्तूत त्याला काडीचा इंटरेस्ट नव्हता, पण माझा मोजा दिसला की हळूच तोंडात धरायचा आणि मी दिसले की टाकून द्यायचा, कान मागे पाडून. का? कारण पिल्लू असताना त्याने चपला पळवल्या तेव्हा आम्ही सगळे ओरडत मागे धावायचो आणि जबडा उघडून हिसकावून घ्यायचो. म्हणजे तोंडात वस्तू असताना माणसाजवळ जायचं नसतं हे आम्हीच त्याला शिकवलं होतं, आणि वर लॅब असून आणत नाही म्हणून रडत होतो.

मग उलटं केलं. एक जुना मोजा त्याला दिला, तो तोंडात असताना हात पुढे करायचाच नाही, नुसतं शेजारी बसून छातीवर खाजवायचं. असं चारपाच दिवस. नंतर नाकाशी ट्रीट धरली, त्याने मोजा सोडला, ट्रीट दिली आणि मोजा लगेच परत दिला, हे परत देणं फार महत्त्वाचं, त्याशिवाय त्याला सौद्यावर भरवसा बसत नाही. मग मोजा दोन पावलांवर ठेवला, मग पाच, मग खोलीच्या पलीकडे. एका वेळी तीन-चारदाच, कंटाळायच्या आत बंद.

पाण्याला घाबरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ढकलायचं नाही. "एकदा पडला की आपोआप पोहतो" म्हणणारा माणूस भेटला तर कुत्रं घेऊन तिथून निघा. घोट्याएवढं पाणी, उतरता काठ, लाइफ जॅकेट, आणि पंजा मागे घेतला की तेवढ्यावरच थांबायचं. नाहीच आवडलं तर नाही आवडलं, पोहलं नाही म्हणून कुत्र्याचं काही अडत नाही.

जर्मन शेफर्ड किंवा डॉबरमन सगळ्यांना चाटतो म्हणून त्याला "कडक" करायला निघालेल्यांवर मात्र माझा राग आहे. बांधून ठेवणं, अनोळखी माणसाकडून डिवचून घेणं, यातून राखणदार होत नाही, घाबरट होतो, आणि घाबरलेलं कुत्रं कोणाला चावेल याचा नेम नाही. बेल वाजल्यावर दोनदा भुंकला तर शाब्बास म्हणा आणि जागेवर बसायला शिकवा. एवढ्या मोठ्या कुत्र्याचा आवाज पुरतो हो.

आणि उलटी केस, जी खरी धोक्याची आहे: गुरगुरणारा गोल्डन. गोल्डन म्हणजे गरीब गाय असं धरून लोक पोरांना त्याच्या अंगावर लोळू देतात, तो ओठ चाटतो, तोंड फिरवतो, अंग ताठ करतो, कोणी बघत नाही, शेवटी गुरगुरतो तर त्याला फटका. गुरगुरण्यावर मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती बंद केलीत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. पोरं बाजूला घ्या, त्याला उठून जाता येईल अशी जागा द्या, आणि व्हेटला दाखवून मग मारझोड न करणारा ट्रेनर शोधा, हे घरच्या घरी यूट्यूब बघून करायचं काम नाही.

बंड्या बॉल अजूनही आणत नाही. मोजा आणतो, पण एकच, जोडीतला दुसरा मलाच शोधावा लागतो.