लॉटवर सही करण्याआधी: शस्त्र कारखान्यातल्या नव्या तपासनिसासाठी

सरकारी शस्त्र कारखान्यात माल बनवणारं सरकार, घेणारं सरकार आणि पास करणारंही सरकारच. गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती इथे कुणाला नसते. त्यामुळे खराब लॉट, म्हणजे एकत्र बनलेला मालाचा गट, अडतो तो फक्त तपासनिसाच्या सहीपाशी. माझी सगळी नोकरी तपासणी विभागातच झाली, आणि नव्या मुलांना मी सगळ्यात आधी सांगतो ते हे: माल नंतर तपासा, आधी हातातलं साधन तपासा.

भोक तपासायचा गो-नोगो प्लग गेज घ्या. ही दोन टोकांची दांडी: भोक बरोबर असेल तर गो टोक आत जातं, नोगो टोक जात नाही. त्याचं गो टोक प्रत्येक चांगल्या नगात आत जातं, म्हणून झिजतं तेच. झिजून बारीक झालं की ते ठरल्यापेक्षा लहान भोकातही अलगद उतरतं आणि नापास व्हायचा नग पास होतो. नोगो टोकाला मात्र फारसं काही होत नाही. शिफ्ट सुरू होताना गो टोक मायक्रोमीटरने मोजा. पुढच्या कडेजवळ, मध्ये आणि मागे, तिन्ही जागी मोजा, कारण कड आधी जाते. गेज आणि नग पुसून घ्या. मशीनवरून नुकताच उतरलेला नग गरम असताना मोजू नका. ड्रॉइंगवरची मापं 20 अंश सेल्सियसला धरलेली असतात. आणि गेज दाबून घालायचा नाही. हलक्या हाताने गेला तर गेला.

साधनच चुकलं तर काय होतं, ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या मार्क 14 पाणतीराने (टॉर्पेडोने) दाखवलं. त्याची घडण न्यूपोर्टच्या सरकारी टॉर्पेडो कारखान्यातली. युद्धात तो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे 10 फूट खालून जायचा. चाचणीत हे कळलं नाही, कारण खोली नोंदवणाऱ्या उपकरणालाही पाण्याचा दाब पाणतीराच्या खोली राखणाऱ्या यंत्रासारखाच चुकीचा मिळत होता, आणि चाचणीचं तोंड खऱ्या स्फोटक तोंडापेक्षा हलकं होतं. तक्रारी आल्या तेव्हा दोष पाणबुडीवाल्यांना दिला गेला. शेवटी 1942 मध्ये त्यांनीच ऑस्ट्रेलियात पाण्यात जाळी लावून पाणतीर सोडले आणि भोकं किती खोलीवर पडली ते मोजलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो: कारखान्याच्या उपकरणाशी काही संबंध नसलेलं साधं मोजमाप. खोली दुरुस्त झाल्यावर जहाजाच्या चुंबकीय प्रभावाने फुटणाऱ्या स्फोटयंत्राचा दोष उघडा पडला, त्यानंतर धडकेवर फुटणाऱ्या यंत्राचा. पाणतीर जहाजावर सरळ काटकोनात आदळला की तेच यंत्र निकामी व्हायचं. म्हणून एक दोष काढला की चाचणी पहिल्यापासून आणि पूर्ण घ्या. वजन, तापमान, धडकेचा कोन, सगळं वापरात असतं तसंच हवं.

नमुने किती घ्यायचे, यावर शॉपशी, म्हणजे माल बनवणाऱ्या विभागाशी, रोज वाद होतो. हिशोब पाठ असू द्या. 90 टक्के विश्वासार्हता (शंभरातले निदान 90 नग चालतील हे) 95 टक्के खात्रीने दाखवायची तर 29 नग एकही न चुकता चालले पाहिजेत. 99 टक्के दाखवायची तर 299. दहा फायर झाले आणि दहाही चालले, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. जिथे नग चाचणीतच खर्च होतो, तिथे 299 मिळणार नाहीत. मग प्रत्येक टप्प्यावरची तपासणी कडक करा.

नमुना स्वतः उचला. वरच्या ट्रेमधून काढून दिलेला घेऊ नका, पेटीच्या तळातून आणि दोन्ही शिफ्टमधून घ्या. हीट ट्रीटमेंटचा (भट्टीत तापवून धातू कडक करण्याचा) प्रत्येक घाणा वेगळा लॉट धरा. दोन घाणे एकत्र केले तर एकाचा कमी हार्डनेस दुसऱ्याच्या चांगल्या नगांत लपतो. रिजेक्ट नगांना लगेच लाल रंग लावून कुलपात टाका, नाहीतर महिनाअखेरीला ते पुन्हा रांगेत दिसतात. उत्पादनाचा आकडा ज्याच्या नावावर लागतो, त्याच्या हाताखाली तपासनीस नसावा. तसं असेल तर लेखी हरकत नोंदवा.

शस्त्र वापरणाऱ्या लष्करी युनिटकडून बिघाडाची तक्रार आली की ‘वापरणाऱ्याची चूक’ असं उत्तर आधी लिहू नका. बिघडलेला नग न धुता, न उघडता मागवा, त्यावरचा लॉट नंबर उतरवा, त्याच लॉटचे राखून ठेवलेले नमुने बाहेर काढा आणि दुसऱ्या गेजवर मोजा. तोवर त्या लॉटचा उरलेला माल गोदामातून हलू देऊ नका.