ट्रायकोडर्मा आधी कंपोस्टमध्ये वाढवा, मग शेतात द्या

मर (झाड सुकत जाऊन मरणे), मूळकूज, खोडाशी होणारी कूज, रोपवाटिकेतली रोपे कोलमडणे या रोगांमागे फ्युजेरियम, रायझोक्टोनिया, स्क्लेरोशियम, पिथियम अशा जमिनीतल्या बुरशी असतात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी त्यांच्या तंतूंना विळखा घालते, विकरांनी (एन्झाइम्सनी) त्यांची पेशीभित्तिका विरघळवते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते. मात्र पुडीतली भुकटी नुसती जमिनीवर फेकली तर ऊन आणि उपासमारीने तिचा फारसा टिकाव लागत नाही.

सगळी मदार कंपोस्टवर आहे. ते पूर्ण कुजलेले, थंड आणि मातीसारख्या वासाचे हवे. ढीग आतून गरम असेल तर थांबा, त्या उष्णतेत बुरशी मरते. अर्धवट कुजलेल्या खतात दुसरीच अडचण येते: कच्चे काड, पाचट मुबलक असले की ट्रायकोडर्मा त्यावरच पोसते, रायझोक्टोनियाच्या वाटेला जात नाही. भुकटी टाकूनही मर थांबली नाही, या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण सापडते.

१०० किलो कंपोस्टला १ किलो ताजी, मुदतीतली भुकटी घ्या. १० किलो निंबोळी पेंड मिसळली तर उत्तम. सावलीत थर देत कालवा आणि पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. ढीग फूटभर उंचीचाच ठेवून ओल्या गोणपाटाने झाका. दर ३-४ दिवसांनी खालीवर करा, सुकल्यास पाणी मारा. २५ ते ३० अंश तापमानात आधी पांढरे जाळे, मग हिरवट बुरशी दिसते. १० ते १५ दिवसांत खत तयार होते. आंबूस किंवा कुजका वास आला तर पाणी जास्त झाले, पसरून हवा द्या. (अळिंबीच्या शेडजवळ हे काम अजिबात नको, तिथे हीच बुरशी रोग ठरते.)

तयार खत लागवडीआधी किंवा लागवडीवेळी, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नसलेली) असताना, संध्याकाळी सरीत किंवा आळ्यात मुळांजवळ देऊन मातीआड करा. रोपवाटिकेत गादीवाफ्याच्या वरच्या थरात मिसळा. बियाण्याला किलोमागे ५ ते १० ग्रॅम भुकटी चोळल्यास उगवणीपासूनच संरक्षण मिळते.

कार्बेन्डाझिम किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी (मुळांशी द्रावण ओतणे) केली असेल तर १५ दिवस अंतर ठेवा. सुकायला लागलेले झाड मात्र याने परत उभे राहत नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करा आणि खत शेजारच्या निरोगी झाडांना द्या.