मैदानावर पोर आपटलं तर आधी हात आवरा

कबड्डीच्या सरावात चढाईला गेलेला पोरगा तिघांच्या पकडीत आपटतो आणि क्षणात दहाजण धावतात. कुणी काखेत हात घालून उठवतो, कुणी पाणी पाजतो, कुणी म्हणतो, ‘चाल जरा, मोकळं होईल.’ घोळ इथेच होतो.

शिट्टी मारा, गर्दी मागे सारा, पोराला आहे तसंच राहू द्या. नाव घेऊन हाक मारा. मान दुखतेय किंवा हातापायाला मुंग्या येताहेत म्हणाला, तर डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. दुसऱ्याने १०८ला फोन लावावा. हाकेला ओ नाही आणि श्वास नाही किंवा नुसतेच आचके, तर लगेच छातीच्या मधोमध जोरात दाबू लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल.

डोक्याच्या माराला टेंगळावरून जोखू नका. शुद्ध न हरपताही मेंदूला हादरा बसतो. ‘गुण किती झाले? समोर कोणता संघ?’ असं विचारा. उत्तर अडखळलं, तेच तेच विचारू लागला, अंधारी आली, की तो त्या दिवसापुरता बाहेर. अंतिम सामना असला तरी. (‘मी ठीक आहे सर’ हे प्रत्येक पोर म्हणतंच.) वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा डोकेदुखी दिसली तर थेट रुग्णालय. पुन्हा खेळणं डॉक्टरांच्या परवानगीने, तेही टप्प्याटप्प्याने.

दात मुळासकट पडला? मातीत शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट नको, घासायचं तर मुळीच नाही. पाण्याखाली जेमतेम विसळून खाचेत परत बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. जमलं नाही तर थंड दुधात ठेवा. कोपऱ्यावरच्या टपरीवर दूध मिळतंच. अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

पाय मुरगळला तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पाय उंच. दोन दिवस मालिश नको. चार पावलंही टाकता येईनात तर एक्स-रे काढा. वाकडं दिसणारं हाड ओढून सरळ करू नका. पुठ्ठ्याचा आधार द्या.

मे महिन्याच्या शिबिरात तापलेलं पोर बरळू लागलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतत राहा. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा.

आणि पडल्याची वेळ पेनाने तळहातावर लिहून घ्या. दवाखान्यात पहिल्यांदा तीच विचारतात.