रविवारी बसण्याआधी: कांदाभावाची स्क्रिप्ट शेलमधून चालवायची तयारी

रविवारी सकाळी पंचवटीत आपण पाच-सहा जण बसणार आहोत. कांदाभावाची पायथॉन स्क्रिप्ट शेलमध्ये (म्हणजे पायथॉनच्या ओळी एकेक लिहून चालवतो त्या खिडकीत) राहूनच चालवायची, आर्ग्युमेंटसकट, म्हणजे स्क्रिप्टच्या नावापुढे द्यायच्या माहितीसकट. मागच्या वेळी पहिला तासभर फाइल शोधण्यात आणि अवतरणचिन्हं जुळवण्यात गेला. निफाडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलांचा तो तास होता, म्हणून मला फार हळहळ वाटली. तेव्हा एवढ्या गोष्टी घरूनच करून या.

शनिवारी रात्री आधी टर्मिनलवर नेहमीसारखी ओळ चालवून बघा: पायथॉन, स्क्रिप्टचं नाव, आणि पुढे भावांची सीएसव्ही फाइल, बाजाराचं नाव, किमान भाव. तिथे अडत असेल तर शेलमध्येही अडणारच. मात्र हीच ओळ पायथॉनच्या तीन बाणांपुढे तशीच उतरवू नका. ती टर्मिनलची भाषा आहे. पायथॉनचा शेल तिला स्वतःचं वाक्य समजून वाचायला जातो आणि सिंटॅक्स एरर देतो.

घरी नेट चांगलं असताना आयपायथॉन, म्हणजे पायथॉनचा जास्त सोयींचा शेल, टाकून घ्या. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली ते सुरू केलं. त्यातली टक्क्याची खूण लावलेली रन ही कमांड आपल्याला हवी आहे. तिच्यापुढे स्क्रिप्टचं नाव आणि आर्ग्युमेंटं लिहिली की ती सिस डॉट आर्गव्ही या यादीत जाऊन बसतात: शून्याव्या जागी स्क्रिप्ट, एकपासून पुढे आपली आर्ग्युमेंटं. स्क्रिप्ट आणि सीएसव्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि शेलही त्याच फोल्डरमधून उघडा.

आता बाजाराचं नाव. सगळे जण लासलगाव घालून बघतात, उत्तर येतं आणि समाधान होतं. तुम्ही मुद्दाम पिंपळगाव बसवंत घालून बघा. मधल्या जागेमुळे एका बाजाराचे दोन शब्द होतात, पिंपळगाव दुसऱ्या जागी बसतं आणि किमान भावाच्या जागी ‘बसवंत’ येतो. स्क्रिप्ट त्याचा आकडा करायला जाते आणि व्हॅल्यू एरर येते. आकड्यात काय चुकलं म्हणून आपण तिथेच शोधत राहतो, चूक मात्र एक शब्द अलीकडे असते. पूर्ण नाव दुहेरी अवतरणात घाला. विंडोजवर एकेरी अवतरणाच्या भरवशावर राहू नका. शंका आली की स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आर्गव्ही छापून बघा. स्क्रिप्टचं नाव धरून चार नोंदी दिसायला हव्यात.

आर्गव्हीतलं सगळं मजकूर म्हणूनच येतं, १८०० सुद्धा. सीएसव्ही मोड्यूलही भाव मजकूर म्हणूनच देतं. दोन्हीकडे आकडा करायचा राहिला तर तुलना अक्षरांची होते, नऊ हे एकापेक्षा मोठं ठरतं आणि क्विंटलला ९०० रुपयांचा माल १८०० च्या वर जाऊन बसतो. एरर येत नाही, हेच वाईट. त्यासाठी ९०० ची एक ओळ सीएसव्हीत घालूनच आणा.

शेलमधून चालवण्याचा खरा फायदा नंतर आहे: स्क्रिप्ट संपली तरी तिची व्हेरिएबलं हाताशी राहतात, आवक आणि सरासरी उलटसुलट बघता येते. पण राहतात ती बाहेरच्या पातळीवरची. सगळं काम मेन फंक्शनच्या पोटात असेल तर ते संपल्यावर हाती काही उरत नाही. तक्ता मेनमधून परत करा आणि शेवटी बाहेर एका नावात धरा. हा बदल शनिवारीच करा, कारण रविवारी आपण त्या तक्त्यावरच काम करणार आहोत.

ज्यांच्या लॅपटॉपवर आयपायथॉन बसत नाही त्यांनी रनपाय मोड्यूल वापरावं, ते पायथॉनसोबतच येतं. आधी आर्गव्हीची यादी स्वतः भरा, शून्यावी जागा रिकाम्या मजकुराने अडवून. मग रनपायमधल्या रन पाथ या फंक्शनला स्क्रिप्टचं नाव देऊन ती चालवा. ती जागा रन पाथ स्वतःच्या हाताने भरतं. तिथे फाइलचं नाव ठेवलंत तर ते पुसलं जाईल. रन पाथच्या रन नेम या आर्ग्युमेंटमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लावलेलं मेन द्या, नाहीतर स्क्रिप्टचा मुख्य भाग चालणारच नाही. परत मिळणारी डिक्शनरी एका नावात ठेवा, व्हेरिएबलं तिच्यातच असतात. आयडल (पायथॉनसोबत येणारा एडिटर) वापरणाऱ्यांना हेही नको: ३.८ पासून शिफ्ट-एफ५ दाबलं की आर्ग्युमेंटं लिहायची चौकट येते.

स्क्रिप्टमध्ये आर्गपार्स (आर्ग्युमेंटं तपासून वाचणारं मोड्यूल) असेल तर एक जपा. चुकीचं आर्ग्युमेंट दिलं की ते एक्झिट करतं. आयपायथॉन त्यातून तगतो, साधा शेल मात्र बंद होतो आणि सकाळपासून जमवलेलं सगळं जातं. साध्या शेलवाल्यांनी स्क्रिप्ट चालवायची ती ओळ ट्रायमध्ये घालून सिस्टम एक्झिट पकडायची ओळ लिहूनच आणावी. आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून या, खोलीत प्लग दोनच आहेत.