सुपरचार्जरची पुली लहान करण्याआधी या चुका टाळा

उद्यमनगरात सकाळी माप दिलं की संध्याकाळी पुली हातात मिळते. गाडीवर काम करणाऱ्यासाठी कोल्हापूरइतकं सोयीचं गाव सापडणं अवघड. पण याच सोयीमुळे एक खोड लागते: सुपरचार्जर (ब्लोअर), म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, त्याचा बूस्ट, म्हणजे जादा दाब, कमी वाटला की पुली आणखी लहान करायची. गणित मागे राहतं आणि पिस्टन किंवा ब्लोअरचं बेअरिंग जातं.

रेशो उलटा धरणे

क्रँक पुलीचा (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरच्या पुलीचा) व्यास भागिले ब्लोअर पुलीचा व्यास, हा रेशो. क्रँकवर १५० मिमी आणि ब्लोअरवर ७५ मिमी असेल तर रेशो २. इंजिन ६,००० आरपीएमला असताना ब्लोअर १२,००० ला फिरतो. गुऱ्हाळात चरकाची पुली मोठी ठेवून वेग उतरवतात, इथे तो चढवायचा असतो. त्यामुळे रोजच्या कामाच्या सवयीने भागाकार उलटा होऊ शकतो.

टक्क्यांतही फसगत होते. ब्लोअरची पुली १५ टक्के लहान केली की वेग १५ नव्हे, १७.६ टक्के वाढतो. शिवाय हिशोब नेहमी इंजिनच्या रेडलाइनला (परवानगी असलेल्या कमाल आरपीएमला) करा आणि तो आकडा ब्लोअर बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल वेगाशी ताडून पाहा. चुकून खालचा गिअर पडला तर इंजिन रेडलाइनच्याही वर जातं, तेवढी जागा मोकळी हवी.

मिळाला तो ब्लोअर बसवणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जुन्या बाजारातला ब्लोअर स्वस्त मिळतो, मग पुली बदलून तो इंजिनला जुळवायची खटपट सुरू होते. आधी इंजिनाला हवा किती लागते ते काढा.

१,५०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात ७५० सीसी हवा ओढू शकतं. प्रत्यक्षात भरणं ८५ टक्के धरलं तर साधारण ६४० सीसी. ईटन कंपनीचा एम४५ ब्लोअर एका फेऱ्यात ४५ घनइंच, म्हणजे सुमारे ७४० सीसी हवा ढकलतो. त्याचीही गळती वजा करून ८५ टक्के धरा. रेशो १.५ ठेवला तर ९४० सीसी पुढे जाते. ९४० भागिले ६४० म्हणजे जवळपास १.४७ पट, साधारण बाहेरच्या हवेच्या तेवढा पट दाब. रेशो २ केला तर हाच आकडा १.९७ होतो, आणि साध्या पंपावरच्या पेट्रोलवर, मूळ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तो झेपणार नाही. हा ढोबळ हिशोब आहे, पण पुली टर्न करायला टाकण्याआधी पुरेसा आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे १३.८ पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड), कोकणात १४.७. गेज बाहेरच्या हवेहून जास्तीचाच दाब दाखवतं, त्यामुळे तोच १.४७ चा गुणाकार गेजवर तिथे ६.९ दाखवेल आणि इथे ६.५. एवढ्या फरकासाठी पुली बदलू नका.

गेजवरच्या आकड्यामागे धावणे

गेज दाब दाखवतं, सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते नाही. रूट्स पद्धतीचा (दोन रोटरनी हवा पुढे ढकलणारा, एम४५ सारखा) ब्लोअर हवा चांगलीच तापवतो. एप्रिलच्या ३८ अंशांतली हवा दीडपट दाबली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या पुढे जाते. लहान ब्लोअर पळवून पळवून घेतला की दाब चढतो, तापमान त्याहून जास्त चढतं आणि नॉक (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतो. मोठा ब्लोअर संथ चालवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं, आणि इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरला) पर्याय नाही.

बूस्ट वर जाऊन पडतो?

४,५०० आरपीएमपर्यंत बूस्ट छान चढतो आणि मग खाली येतो, ही तक्रार नेहमीची. लगेच ब्लोअर खोलू नका. आधी बेल्ट बघा: पुलीच्या खाचा चकाकताहेत का, आसपास काळी पूड साचली आहे का. पुली जितकी लहान, तितका बेल्टचा वेढा कमी, म्हणून पुली लहान केल्यावर स्लिप आपोआप वाढते. खात्रीसाठी ब्लोअरच्या पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून लेझर आरपीएम मीटरने वेग मोजा. हात आणि कपडे बेल्टपासून लांब ठेवा. इंजिन आरपीएम गुणिले रेशो यापेक्षा वेग कमी आला तर बेल्ट घसरतोय. अशा वेळी आयडलरची (बेल्टला वळण देणाऱ्या मोकळ्या पुलीची) जागा बदलून वेढा वाढवा किंवा जास्त खाचांचा बेल्ट घ्या. नुसता ताण वाढवत गेलात तर ब्लोअरचं पुढचं बेअरिंग आणि क्रँकचं बेअरिंग दोन्ही भरडली जातात.

वेग बरोबर आला तर एअर फिल्टर तुंबलाय का पाहा, मग बायपास व्हॉल्व्ह (जादा हवा मागे सोडणारा) पूर्ण बंद होतोय का, मग होज.

लेथवर पुली करून घेताना बोअर (मधलं भोक) आणि खाचा एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा आणि डायल लावून रनआउट (फिरताना येणारा डग) तपासा. १२,००० आरपीएमला किंचित डगही जाणवतो. क्रँक पुली मात्र लेथवर चढवू नका. बऱ्याच इंजिनांत ती क्रँकची कंपनं शोषणारी, रबर बसवलेली डॅम्पर असते आणि ती बिघडली तर क्रँकशाफ्टलाच तडा जाऊ शकतो.