बर्फ कमी, ऊन जास्त : फ्रेंडशिपला निघण्याआधी

पोरांनो, गोवा एक्स्प्रेसची जायची तिकिटं झाली, पण सॅक भरायच्या आधी हे वाचा. मनालीकडं यंदा बर्फ कमी पडलाय आणि ऊन आत्ताच तापायला लागलंय. ५,२८९ मीटरच्या फ्रेंडशिप शिखरासाठी गेल्या खेपेची यादी तशीच उचलून चालणार नाही.

सगळ्यात आधी हेडलॅम्प, आणि बॅटऱ्यांचे दोन जादा जोड, कारण खरी चढाई रात्रीच होणार. आभाळ निरभ्र असलं की रात्री बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि तो घट्ट गोठतो. ढग असले तर नीट गोठत नाही. म्हणून रात्री बाराला तंबूबाहेर या, आधी आभाळ बघा, मग बुटानं बर्फ दाबून बघा. पाय घोट्यापर्यंत रुतला तर त्या रात्री निघायचं नाही. हिमभेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडले की माणसाचं वजन पेलतीलच असं नाही. परत फिरायची वेळ खालीच ठरवून वहीत लिहा. मी सकाळचे आठ धरतो, मग शिखर शंभर मीटरवर असलं तरी. राखीव दिवस एक नव्हे, दोन ठेवा आणि परतीचं तिकीट त्या हिशोबानं काढा.

दोर बांधून चालायचा सराव इथंच करा. प्रुसिकची गाठ, म्हणजे ताण आला की दोराला घट्ट धरणारी, प्रत्येकाला अंधारात, हातमोजे घालून मारता आली पाहिजे. सॅकमध्ये वजन भरून बेळगावजवळचा राजहंसगड आठवड्यातून तीनदा चढा. त्यानं दम वाढेल. विरळ हवेची सवय मात्र वरच्या मुक्कामातच होते, तिथं घाई नको.

हेल्मेट लवकर चढवा, कारण बर्फानं धरून ठेवलेले दगड ऊन लागलं की सुटतात. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, भाड्यानं घेताना तळाला बर्फ चिकटू न देणारी ॲन्टी-बॉलिंग प्लेट आहे का बघा. ओल्या बर्फाचा गोळा चिकटला की दात बर्फात रुततच नाहीत. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायावर चढवायचे गेटर्स, मोज्यांचे चार जोड, त्यातला एक फक्त झोपताना. काळा चष्मा. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आणि हनुवटीच्या खालीही लावा, बर्फावरून ऊन उलटून येतं. नाले सकाळीच ओलांडा, दुपारी पाणी चढतं.

खायला चिक्की आणि शेंगदाण्याचे लाडू. दुधाचा कुंदा गाडीतच संपवा, उन्हात टिकायचा नाही. आणि घरी सांगून ठेवा, वर गेल्यावर फोन लागेलच असं नाही, दोन दिवस उशीर झाला तर ते राखीव दिवस समजा.